उद्धव घड्याळजीनं पुण्यात घर घेतलं त्याची गोष्ट

मंडळी, आज देवाला जरा बाजूला बसवतो आणि आधी तुम्हालाच विचारतो. माणसानं राहावं कुठं?

सोपं वाटतंय? मग सांगा. तुम्ही म्हणाल — बुवा, जिथं पाणी भरपूर, नोकरी जवळ, पार्किंग आपलं. बरं! आणि आम्ही बुवालोक काय सांगतो? चांगल्यांच्या संगतीत राहा. पण मला एक कळत नाही, घर बघायला गेल्यावर ही संगत दिसते कुठं? ती काय बाल्कनीत वाळत घातलेली असते? हे आमचे मृदंगवाले काका हसताहेत, कारण त्यांच्या घरी सध्या हेच चाललंय. काकूंना एक भाग पसंत, सूनबाईंना दुसरा, आणि काका रोज इथं येऊन मृदंगावर राग काढतात!

तर ऐका. उदगीरचं एक जोडपं होतं. उद्धव कानडे — घड्याळजी. बाजारात लहानसं दुकान, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. बायको कुमुद, सरकारी दवाखान्यात नर्स. मूलबाळ नाही. त्याचं दुःख करून करून दोघं त्याच्या पलीकडं गेलेले.

एके दिवशी उद्धवरावांच्या चिमट्यातून बारीकसा स्क्रू निसटला. टेबलावरच पडला होता, हाताशी. त्यांना दिसेना. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा कडेकडेनं विझत चाललाय. आत्ता नळीतून बघितल्यासारखं दिसतंय, पुढं ही नळी बारीक होत जाईल. "आणि औषध?" कुमुदनं विचारलं. डॉक्टरांनी नुसते थेंब लिहून दिले. ती नर्स होती, तिला कळलं.

दुकान बंद झालं. आणि नेमकी त्याच वर्षी कुमुदची बदली झाली — पुण्याला!

मंडळी, खरा घोळ इथून सुरू. एवढं मोठं शहर, त्यात राहायचं कुठं? दवाखान्यातल्या बाया म्हणाल्या, "कामाच्या जवळ घे, कुमुद." भाऊ म्हणाला, "ताई, लांब घे, पण मोकळं घे." नणंद म्हणाली, "वहिनी, आमच्याच भागात या. आपली माणसं आहेत." आणि दुसऱ्या दिवशी तिचाच फोन — "तसा आमचा भाग तुम्हाला लांबच पडेल, नाही का?" आता सांगा, यातलं खरं कुठलं धरायचं? कुमुदला कळेना. सकाळी एक जागा बरी वाटायची, दुपारी तीच वाईट.

आणि तिच्या मनात एक वेगळंच चाललेलं. ती कुणाला सांगत नव्हती, नवऱ्यालाही नाही. कुठल्याही रस्त्यावर गेली की मध्येच थांबायची आणि डोळे मिटून चालून बघायची. उद्या ह्यांना चालता येईल का इथं, म्हणून. दलाल घाबरला बिचारा. "मॅडम, चक्कर येतेय का? पाणी आणू?"

शेवटी एक उंच इमारत सापडली. गुळगुळीत रस्ता, कडेला कठडा. लिफ्ट तर कितवा मजला आला ते तोंडानं सांगायची! कुमुदनं डोळे मिटले आणि फाटकापासून दारापर्यंत सरळ चालत गेली. कुठं ठेच नाही, धक्का नाही. तिला वाटलं, देव पावला.

उद्धवरावांनी रखवालदाराला विचारलं, "शेजारी कोण राहतं हो?"

"कल्पना नाही साहेब. दार कधी उघडं दिसलं नाही."

परत येताना रिक्षात ते म्हणाले, "कुमुद, मला इथं नको."

"का? काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. मला दिसणार नाही, ते मी पचवलंय. पण मी कुणाला तरी दिसलो पाहिजे."

"म्हणजे काय करायचं मी?" कुमुद वैतागली. त्यांना काही नीट सांगता येईना. म्हणाले, "मलाही कळत नाही गं."

मग एक दिवस दलालानं एका गल्लीत नेलं. काय ती गल्ली मंडळी! गाड्या आडव्यातिडव्या, गटारावरची फरशी डुगडुगती, दारादारापुढं तेलाच्या डब्यात लावलेली झाडं. कुमुदनं डोळे मिटायचीसुद्धा तसदी घेतली नाही. आणि उद्धवरावांचा पाय लागला एका डब्याला. डबा आडवा, माती रस्त्यावर.

आतून एक बाई बाहेर आल्या. हौसाबाई त्यांचं नाव. कमरेवर हात. "बघून चालावं की हो माणसानं."

कुमुदचा तोल गेला. "त्यांना दिसत नाही."

परक्या माणसासमोर ती हे पहिल्यांदाच बोलली. उद्धवराव मान खाली घालून उभे. आता तुम्ही-आम्ही असतो तर काय म्हणालो असतो? "अरेरे, माफ करा." हौसाबाईंनी माफी मागितली नाही. त्यांनी विचारलं, "किती दिसत नाही?"

मंडळी, इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं! उद्धवराव त्यांच्या पायरीवर बसले आणि सांगू लागले. बाजूचं काळं होतं. संध्याकाळी जास्त. जिना उतरताना पायरी पायानं चाचपावी लागते. आणि मग म्हणाले, "हिचा चेहरा आता सगळा एकदम दिसत नाही. डोळे बघितले की हनुवटी जाते, हनुवटी बघितली की डोळे जातात."

कुमुद मागं उभी होती. रोज त्या माणसाला जेवायला वाढत होती, डोळ्यांत थेंब घालत होती. हे तिनं आज ऐकलं, परक्याच्या पायरीवर.

घर तिथंच घेतलं. का घेतलं? तिला विचाराल तर ती आजही नीट सांगू शकत नाही.

आता तुम्हाला वाटेल, सगळं गोड झालं. कुठलं हो! नळावरून भांडणं, आडव्या गाड्या तशाच. हौसाबाईंचे डबे इंचभर हलले नाहीत. एकदा उद्धवराव पडले, कपाळ फुटलं. टाके कुमुदनंच घातले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती पुन्हा त्या उंच इमारतीपाशी जाऊन उभी राहिली. चुकले का मी? बरा-वाईट भाग ओळखायचा तरी कसा? तशीच परत आली.

दिवस गेले. नळी बारीक होत होत जवळजवळ मिटली. आणि एका दुपारी कुमुद कामावरून आली, तर दाराला बाहेरून कडी. चपला नाहीत. काठी नाही.

ती धावत बाहेर आली.

हौसाबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गिरणीकडं गेलेत. निळा सदरा घातलाय, बटण चुकलंय वरचं." कुमुद गिरणीकडं धावली. पिठानं पांढरा झालेला गिरणीवाला म्हणाला, "आत्ता होते की. माझ्याशी भांडून गेले, दळण जाड आलं म्हणून. इस्त्रीवाल्याकडं बघा." इस्त्रीवाला म्हणाला, "मीच रस्ता ओलांडून दिला, वहिनी. दत्ताच्या देवळात आहेत."

देवळाच्या ओट्यावर चार माणसं जमलेली आणि मधोमध उद्धवराव, कुठल्याशा क्रिकेटच्या सामन्यावरून तावातावानं वाद घालत. कुणीतरी म्हणालं, "वहिनी आल्यात."

कुमुदला रडूही येईना, ओरडूही येईना. एवढंच म्हणाली, "न सांगता का आलात?"

"न सांगता कुठं? सगळ्यांना सांगून आलो. तूच तेवढी घरी नव्हतीस. जेवलीस का?"

ती तिथंच ओट्यावर बसली.

तर मंडळी, ती गल्ली चांगली होती का? मला नाही सांगता येत. गाड्या अजून आडव्याच असतात. मी उत्तर देईन म्हणून बसला होतात, आणि मीही कुमुदसारखाच गोंधळलोय. पण एक विचारतो. तुमच्या मजल्यावर या वर्षी कोण राहायला आलं? नाव सांगा पाहू. कुणी? पहिल्या रांगेतून? …बघा, सभामंडप कसा शांत झाला!

सगळे म्हणतात, आम्हाला चांगला शेजार पाहिजे. अहो, तोच शोधत ही नवी माणसं बिचारी तुमच्या जिन्यावरून वर आली. दलालानं त्यांना तुमचं बंद दार दाखवलं आणि त्यांनी विश्वासानं घर घेतलं.

आरती थोडी थांबू दे. हा जो शेजारी मांडीला मांडी लावून बसलाय ना, त्याच्याकडं वळा. नाव विचारा. कुठून आलात, घरी कोण असतं, विचारा. लाजू नका. मृदंगवाले काका, तुम्हीसुद्धा.

विचारलंत? आता टाळ्या वाजवा आणि म्हणा — विठ्ठल!