दाबल्यावर की सोडल्यावर?

नाही, पण मला सांगा, गाडीत आवाज आला की माणूस घाबरेल, की वही काढून टिपून ठेवेल, बाबा आवाज नेमका कधी आला म्हणून? आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींचं म्हणणं, टिपून ठेवा! मी गेलो चालत, अजून तोंड पुरतं उघडलेलं नाही, "क्लचमध्ये आवाज..." एवढंच म्हणालो, तर हात पुसता पुसता, मान वरसुद्धा न करता विचारतात, "दाबल्यावर की सोडल्यावर?" आता काय सांगणार? म्हटलं, येतो. "येतो ते कळलं हो. दाबल्यावर येत असेल तर क्लचचं बेअरिंग, सोडल्यावर येत असेल तर गिअरबॉक्सचं. गाडी कोण चालवतं?" म्हटलं, मी. "मग तुम्हालाच माहीत असणार. नीट ऐका आणि मग गाडी घेऊन या." एकवीस वर्षं गाडी चालवतोय, तुम्हाला सांगतो, आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला नापास.

बरं, प्रकरण नुसतं गाडीचं असतं तर मी एवढा घायकुतीला आलो नसतो. पण घरात मी आधीच माती खाऊन बसलो होतो. आमची ही सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली. स्टिअरिंग असं घट्ट धरायची की कोणी हिसकावून नेतंय... आणि चार महिन्यांत एकटी ऑफिसला जायला लागली, येताना गुणगुणत यायची हो! आणि एके दिवशी मी क्लच दाबतो तर, कर्रर्र-कट्. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "तुला शंभरदा सांगितलं, क्लचवर पाय ठेवून चालवू नकोस. खाल्लंस ना बेअरिंग?" भांडली असती तर परवडलं असतं. तिने तिच्याकडची किल्ली फ्रिजवर ठेवली आणि म्हणाली, "मिस्त्रींनी सांगितलं की माझ्या पायानेच गेलं, तर मी पुन्हा गाडीला हात लावणार नाही." झालं, दुसऱ्या दिवसापासून दोन बस बदलून ऑफिस. अकरा दिवस! मी पाणी प्यायला फ्रिज उघडायचो आणि पाणी न पिताच बंद करायचो.

त्यात मेव्हणा आला. त्याच्याकडे मोटरसायकल आहे, त्यामुळे त्याला जगातल्या सगळ्या यंत्रांतलं कळतं. "भावजी, माझ्या बाइकला अस्साच आवाज यायचा. क्लचच्या दांडीला दोन थेंब तेल सोडलं, गप्प!" अरे, म्हटलं, तो हाताचा क्लच, हा पायाचा. "भावजी, क्लच तो क्लच." असं म्हणून त्याने पेडलवर अर्धी बाटली रिकामी केली. आवाज होता तसाच, वर बूट असा सटकायला लागला की सिग्नलला गाडी बेडकासारखी उड्या मारते. विचारलं, आता रे? तर चेहरा गंभीर करून मला म्हणतो, "दाबल्यावर की सोडल्यावर?" तूसुद्धा?

शेवटी परवा दोघं गॅरेजमध्ये. मिस्त्री म्हणाले, आवाज काढून दाखवा. काढला, काय करता? भर गॅरेजमध्ये, या वयात, कर्रर्र-कट्! तर ही म्हणते, "नाही हो, किर्र-टक्." दोन गिऱ्हाइकं चहा थांबवून ऐकतायत. मग मिस्त्री स्वतः चक्कर मारून आले. आवाज नाही. मिस्त्रींसमोर कुठली गाडी आवाज करते हो? "वहिनी, तुम्ही बसा." ही नको नको म्हणत बसली, स्टिअरिंग पुन्हा तसंच घट्ट धरून. एक चक्कर, आवाज नाही. मग मी बसलो, दाबला... कर्रर्र-कट्! इतका आनंद झाला म्हणून सांगू, म्हटलं, बघा, मी खोटं बोलत नव्हतो. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "इंजिन बंद करा. आता दाबा." कर्रर्र-कट्. "किल्ली काढा. दाबा." कर्रर्र-कट्.

 मग मिस्त्रींनी तो लांब स्क्रूड्रायव्हर घेतला... मूठ कानाला लावून, टोक टेकवून इंजिनाच्या पोटातलं ऐकतात ना, तो. दार उघडलं, वाकले, आणि टोक टेकवलं कुठे म्हणाल? माझ्या डाव्या गुडघ्यावर. "दाबा." दाबला. "सोडा." सोडला. डोळे मिटून ऐकलं, उठले, आणि म्हणाले, "साहेब, हे बेअरिंग आमच्याकडे मिळत नाही."

तुम्हाला खोटं वाटेल, पण लाज वाटायच्या आधी मला हुश्श झालं. अकरा दिवसांचं ओझं त्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकावरून उतरलं. गाडी ठणठणीत, हिचा पाय निर्दोष! आणि ही बोनेटला टेकून हसायला लागली, ती थांबेचना, मग डोळे पुसले, आणि ते काही नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं, तेवढं मला कळतं हो. म्हटलं, "चुकलो मी." त्या दोन चहावाल्या गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. तिने नुसता हात पुढे केला. मी किल्ली दिली. घरापर्यंत क्लचवर पाय ठेवून चालवत होती आणि मी हूं की चूं केलं नाही.

आणि काल तीच मला दवाखान्यात घेऊन गेली, गुणगुणत. डॉक्टरांनी पाय लांब करायला लावला, गुडघ्याच्या वाटीवर अंगठा ठेवला, आणि विचारतात काय, "दुखतं कधी? दाबल्यावर की सोडल्यावर?"

मी काय सांगणार? म्हटलं, "डॉक्टर, हिला विचारा. गाडी आता ती चालवते."