शेजाऱ्याचं नाव

अमेरिकेतल्या बफेलो शहरात शुक्रवारी तळलेल्या माशांसाठी रांग लागते. त्या रांगेत डेल्फीन हातातली दोन घरांच्या पत्त्यांची चिठ्ठी चुरगाळत उभी होती. घर उत्तरेला अ‍ॅमहर्स्टमध्ये घ्यायचं की दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कमध्ये, ते संध्याकाळपर्यंत दलालाला कळवायचं होतं. बाई वाळवंटातून आलेली. तिला बर्फातलं काय कळणार! पुढे दोन म्हाताऱ्या बहिणींची जुंपली होती. थोरली वँडा उत्तरेची, धाकटी लोरेटा दक्षिणेची.

"लोरेटा, अजून सांगते, आमच्या अ‍ॅमहर्स्टला ये. तुमच्याकडे छातीएवढा बर्फ पडतो तेव्हा आमच्याकडे लख्ख ऊन असतं."

"राहू दे ताई, मी सुखात आहे."

"कसलं सुख? परवा तीन दिवस रस्ते बंद होते ना तुमचे?"

"होते की! शेजारच्या फ्रँकनं यंत्र काढून अख्ख्या गल्लीच्या दारांतला बर्फ उडवला. मी त्याला सूप नेऊन दिलं. मग त्याची बायको पत्ते घेऊन आली, तिच्यामागून आणखी चौघं. तीन दिवस नुसता धुडगूस!"

"या वयात?"

"मग कुठल्या वयात? बरं, तुझ्या शेजाऱ्याचं नाव काय गं?"

"कुठल्या शेजाऱ्याचं?"

"कुठल्याही. अकरा वर्षं झाली तुला तिथं."

"अगं, कधी गरजच नाही पडली."

डेल्फीननं हळूच लोरेटाच्या खांद्याला हात लावला.

"मावशी, तुमच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये बर्फ काढायला चांगलं फावडं कुठं मिळेल हो?"

"फावडं कशाला? आमच्याकडे गल्लीगल्लीत एक फ्रँक असतोच. तुला सूप करता येतं ना?"