एसीच्या जागेवरचा भोंगा

दत्तजयंतीचा आदला दिवस. सकाळी धुकं, नंतर कडक ऊन.

अहो, सारंगखेड्याच्या यात्रेत आमची पिकअप पपयांनी भरलेली आणि ओरडून ओरडून धाकट्या भावाचा, आनंदाचा, घसा बसलेला. त्याचीच हाक आधी रेकॉर्ड करून भरलेला भोंगा आणला होता, पण त्याने वायर फ्यूजशिवाय थेट बॅटरीला जोडली आणि वायरीतून धूर निघाला. म्हणून मी फ्यूजचा डबा उघडला. करंट असला की पेटणारा टेस्ट लॅम्प लावून फ्यूजची एकेक जागा डायरीत लिहू लागलो, आधी किल्ली बंद ठेवून, मग चालू करून.

आनंदा कुजबुजला, "दादा, डायरीमा लिखीसन करंट येई का? पपया सडी ऱ्हायन्यात!"

"तू बोलू नको, घसा दुखी."

"घसा ते गया, आते माल बी जाई!"

अकरावी जागा रिकामी होती. ती एसीची, आणि आमच्या गाडीला एसीच नाही. पण किल्ली फिरवली की तिथे दिवा लागायचा, बंद केली की विझायचा. मी तिथे दहा अँपिअरचा फ्यूज बसवला आणि त्याच्या पुढून भोंग्याची वायर घेतली.

"फिराव किल्ली!" मी आनंदाला म्हणालो.

भोंगा असा दणाणला की शेजारच्या घोडेवाल्याने घोडीचा लगाम धरला. आनंदाचीच जुनी, खणखणीत हाक यात्राभर घुमली.

पावणेचारला पिकअप रिकामी झाली. फ्यूज शाबूत होता.