वणीच्या फाट्यावरून पुढं

(वणीच्या फाट्यावर कडेला उभी केलेली गाडी. आत नवरा-बायको.)

सुवर्णा: इंडिकेटर कशाला घातलात? आपल्याला सरळ जायचंय, हातगडला.

गोरक्ष: देवीच्या तोंडावरून तसंच पुढं जायचं? दर्शन घेऊ की.

सुवर्णा: आणि दर्शन झाल्यावर?

गोरक्ष: झाल्यावर... बघू.

सुवर्णा: काय बघू? आईंचा नियम पाठ आहे तुम्हाला. देवीला जाऊन आलं की दुसरीकडं कुठं जायचं नाही, सरळ घर गाठायचं. म्हणजे देवीला टाळून हातगडला जाता येत नाही, आणि देवीला गेलं की हातगड राहतं. सत्तावीस वर्षांत चार वेळा निघालो. चारही वेळा दिंडोरीला परत!

गोरक्ष: चार नाय, तीन. एकदा गाडी पंक्चर झाल्ती.

सुवर्णा: तीही परत फिरतानाच झाली होती.

गोरक्ष: अगं, आईला जाऊन वरीस बी झालं नाय. लगेच तिचा शब्द मोडायचा?

सुवर्णा: मला काय त्या नकोशा होत्या? शेवटचे सहा महिने अंघोळ, औषधं, सगळं मीच केलं. पण मला जायचंय हो. लहानपणापासून जायचंय. सातवीत आमच्या पंचवटीच्या शाळेची सहल गेली तिथं, नेमका मला गोवर आला. मैत्रिणी सांगायच्या, किल्ल्यावर उभं राहिलं की पलीकडं गुजरात दिसतं.

गोरक्ष: दिसून दिसून काय दिसणार? तिकडं बी डोंगरच हायेत.

सुवर्णा: असू देत डोंगर.

गोरक्ष: अन मंगळवारपासून छाटणी हाय. मजूर सांगून ठेवलेत.

सुवर्णा: आज शनिवार आहे. आपल्या लेकानं, ज्ञानेशनं, तिथं एका रात्रीची खोली घेतलीय, उद्या संध्याकाळी घरी. द्राक्षं उतरली, छाटणी लागली नाही. वर्षातले हेच चार दिवस बागेला तुमची गरज नसते. मला बारा महिने असते.

गोरक्ष: आता हे काय मधीच?

सुवर्णा: मधेच नाही. एकेका घडाला हात लावून बघता तुम्ही. घरी आलात की जेवण, मोबाईल, झोप. मी शेजारी असते, तरी मला तुमची आठवण येते. हसू नका.

गोरक्ष: हसत नाय गं. पर तिथं जाऊन आपण करणार काय?

सुवर्णा: काही नाही. किल्ल्यावर बसायचं. तुम्ही मला विचारायचं, सुवर्णा, कशी आहेस तू?

गोरक्ष: हे तर घरी बी विचारलं असतं.

सुवर्णा: विचारलं नाहीत.

गोरक्ष: ...खरं हाय.

सुवर्णा: देवी काही रागावत नाही. उद्या येताना जाऊ दर्शनाला, आणि तिथून सरळ घरी. आईंचा नियमही पाळला जाईल.

गोरक्ष: आयला! इतकं सोपं? सत्तावीस वर्षांत कुणाला सुचलं कसं नाय?

सुवर्णा: मला पहिल्याच वर्षी सुचलं होतं. तुम्हीच म्हणालात, आईसमोर बोलू नकोस.

गोरक्ष: मी म्हणलो?

सुवर्णा: ह्याच फाट्यावर. आई मागं बसल्या होत्या.

गोरक्ष: चुकलं माझं. लय चुकलं. बरं, आता सांग, कशी हायस तू?

सुवर्णा: आधी गाडी सरळ काढा. मग सांगते.