रविवारची सुट्टी

विद्यापीठात झेरॉक्सच्या रांगेत माझ्यापुढे दोन प्राध्यापिका बोलत उभ्या होत्या.

"तुमचा तो व्हॉट्सॲप ग्रुप बंद करायला लावला म्हणे?"

"नोटीस आली होती. शिकवणं वर्गातच व्हावं, असा नियम दाखवला."

"मग काय केलंत?"

"मग विद्यापीठाच्या नियम समितीपुढे गेले. सोबत माझ्या एका विद्यार्थिनीला नेलं. बोलताना अडखळते, म्हणून वर्गात कधी तोंड उघडत नाही. ग्रुपवर मात्र प्रश्न विचारून भंडावून सोडते."

"ती बोलली तिथे?"

"अडखळत का होईना, चांगली दहा मिनिटं बोलली."

"आणि?"

"नियमच बदलताहेत. ग्रुप चालू, फक्त रविवारी कुणी प्रश्न टाकायचा नाही."

"ही अट समितीची?"

"छे, तिचीच. म्हणाली, मॅडमनाही एक दिवस सुट्टी हवी."