राजपुत्राच्या आईचा रंग

हॅलो?… हॅलो, कोण?… जमे, तू होय. अगं नंबर ओळखीचा नाही म्हणून… तुझ्या जावयांचा फोन? बरं. बोल.

येतंय ऐकू. तूच जरा हळू बोल, पुण्याहून फोनशिवाय हाक मारल्यासारखी बोलतेस.

पोचली. तू पाठवलेली बॅलेची डिस्क मंगळवारीच पोचली. कळवायचं राहिलं… नाही, अण्णांना अजून दाखवली नाही.

काय आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, थेंब घालायचे असतात… हो, टीव्ही बघायला हरकत नाही म्हणाले डॉक्टर… हो, थेंब घालूनही बघता येतं, मला माहीत आहे.

अगं ऐक ना… अगं ऐक. तुझ्या भाच्यानं, राघवेंद्रनं, प्लेअर जोडून दिलाय. शेजारच्यांकडे पडून होता, तो मागून आणला, जोडला, डिस्क आत घालून ठेवली आणि बुधवारी सकाळच्या बसनं हुणसूरला कामावर गेला… नाही, बिघडलेला नाही. मी अण्णांना तसं सांगितलंय.

सांगितलं, बिघडलाय म्हणून.

अय्यो, आधी कारण ऐक, मग बोल. थांब, स्वयंपाकघरात जाते. ते हॉलमध्ये पेपर घेऊन बसलेत. एक ओळ नव्या डोळ्यानं वाचतात, तीच परत जुन्या डोळ्यानं वाचतात. जुन्यानं सगळं कॉफीत बुडवल्यासारखं दिसतं म्हणतात… हां. आता बोलते.

मी बघितली डिस्क. एकटीनं. बुधवारीच, ते केस कापायला गेले होते तेव्हा.

तीच आहे. अगदी तीच मंडळी. मागच्या ओळीतली उंच हंसीण आठवते का तुला? डोक्यावरचं पीस सुटून कानाशी लोंबतं आणि ती तशीच नाचत राहते?… तीच. आई दर वेळी म्हणायची, कुणीतरी पिन द्या तिला… ती आहे. पीस सुटतं. मी टीव्हीसमोर उभी, हातात झाडू, आणि डोळ्यांत पाणी. पीस सुटल्याबद्दल. काय म्हणायचं याला.

तुझ्या मुलीला खरं वाटत नाही? तिला नीट सांग मग. शेजारचे श्रीनिवासराव कंपनीकडून रशियाला ट्रेनिंगला गेले होते. तिथल्या लोकांनी निघताना बॅलेच्या तीन टेपा भेट दिल्या. त्यांना नाचात काही रस नव्हता. परत आल्यावर आईला देऊन टाकल्या. डब्यांवर सगळं रशियन, आपल्याला एक अक्षर लागत नव्हतं. मग आईनं वर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या… हो, ‘हंस’, ‘झोप’ आणि ‘मारामारी’. झोप म्हणजे ती शंभर वर्षं झोपलेली राजकन्या. मारामारीत खरं तर निम्मा वेळ लग्नच चाललेलं असायचं, पण पट्टी एकदा चिकटली ती चिकटली.

नाही, व्हीसीआरचा दोष नव्हता. तिकडची टेप भरायची पद्धतच वेगळी. आपल्या मशीनवर चित्र यायचं, आवाज यायचा, रंग यायचा नाही. टीव्ही रंगीत, बाकीचे सिनेमे रंगीत, आणि बॅले तेवढे करडे. दुकानदारानं सांगितलं तेव्हा कळलं. तोवर मला वाटायचं, तिकडे इतका बर्फ पडतो, रंग टिकत नसेल… तुलाही? बघ म्हणजे.

अण्णांना मात्र ते सहन व्हायचं नाही. रंगाऱ्याचं घर आपलं. मागच्या अंगणात निळीचे रांजण, आणि पुढच्या खोलीत सगळं बिनरंगाचं.

तुझ्या लक्षात नसेल, तू लहान होतीस. तेव्हा मागचं काम बंद व्हायला आलं होतं. गिरणीचं छापील कापड स्वस्त, आपल्याकडे कोण रंगवून घेणार? आठवडाभर त्यांच्या हातांना काही नसायचं. मग रविवारी जेवणं झाली की टेप लावायची, आणि अण्णा खुर्ची पुढे ओढून बॅले रंगवायला बसायचे. तोंडानं. एकेक कपडा.

हो… हो… राजपुत्राचा कोट नीळ, तीन बुड्यांची. विदूषकाची विजार डाळिंबाच्या सालीची, पिवळी. जादूगार मंजिष्ठाचा लाल. लाल रंग अशा चित्रात काळा दिसतो म्हणायचे… पाठ कसं नसेल? पाढे विसरले मी, ते नाही विसरले. आणि आई भाजी निवडता निवडता प्रत्येकाला नाही म्हणायची. कोट निळा, नाही. विजार पिवळी, नाही. तिला दुसरा रंग सुचलेला असायचा असं नाही. नाही म्हणायचं. मग अण्णा टेप मागे घेऊन पुन्हा दाखवायचे. एक बॅले संपायला संध्याकाळ व्हायची, दूधवाला दारात उभा राहून बघायचा.

सगळे चुकलेत, जमे.

सगळे म्हणजे सगळे. कोट चॉकलेटी आहे. विदूषक गुलाबी. जादूगार काळाच आहे, काळा म्हणून काळा दिसत होता… हंसिणी पांढऱ्या, तेवढ्या बरोबर. ते तर दूधवाल्यानंही सांगितलं असतं.

हस. मीही हसले. त्यासाठी नाही गं लपवली. कोट चुकला तर चुकला, ते स्वतःच हसतील. राजपुत्राची आई आठवते का तुला?

हां. आठवली ना.

हिरवी आहे.

हो. पहिल्यांदा येते तेव्हाही, आणि नंतर दरबारात, त्या सगळ्या नवऱ्या मुली नाचून दाखवतात तेव्हाही. पायापर्यंत हिरवी. पोपटी नव्हे. आई म्हणायची तोच, ओल्या लिंबाच्या पानासारखा… मी खुर्चीवर बसलेच. झाडू तसाच हातात.

आई बाकी कशावर अडून बसायची नाही, जमे. कोट, विजार, ते नुसतं खेळायला. पण राजपुत्राच्या आईवर ती ठाम होती. म्हणायची, मुलाचं लग्न ठरतंय, बाई हिरवं नेसणार नाही तर काय नेसणार? आणि अण्णा म्हणायचे, हिचा राजा कुठे दिसतो का दरबारात? ही विधवा आहे. विधवा बाई हिरवं कशी नेसेल?… हो, आणि आई म्हणायची, राजा परगावी गेला असेल. वसुलीला.

तुला ती थट्टाच वाटायची. तू बाहेर पाहुण्यांत बसलेली असायचीस. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमच्या हिला विधवा राणी हिरवी दिसते. सगळे हसायचे, आणि आई कॉफी टाकायला आत जायची. मी तिच्या पाठोपाठ आत जायचे. कॉफी झालेली असायची, जमे. फिल्टर भरलेला असायचा. ती उगाच उभी राहायची तिथं… नाही, बोलायची काही नाही. एकदा फक्त म्हणाली, त्या बाईला हे लोक उगाच विधवा करतात.

हो. हिरव्यातच गेली. सवाष्ण गेली, हिरवं नेसवलं. साडी अण्णांनी काढून दिली कपाटातून, तू तेव्हा गाडीत होतीस, पोचायची होतीस. घडी मोडायला त्यांना हात चालेना, ती मी मोडली.

म्हणून म्हणते. आता ती नाही. माझं चुकलं म्हणायला समोर माणूस नाही. इतक्या वर्षांनी डोळा स्वच्छ झालाय, रंग कसे धुतल्यासारखे दिसतात म्हणून रोज गच्चीवर जाऊन लोकांचं वाळत घातलेलं बघतात, आणि त्या डोळ्याला आपण हे दाखवायचं?

त्यांना आनंद होईल? कसला आनंद होईल गं?… आईला होईल. बरं. आई कुठे आहे?

साकु, जमे. पुरे. हक्क वगैरे तू मला सांगू नको. रात्री उठून बसतात ते मी बघते, तू नाही… बरं, राहिलं. तसं नव्हतं म्हणायचं मला. तू लांब आहेस यात तुझा काय दोष.

काय?

सकाळी? आज सकाळी? त्यांच्या मोबाइलवर?… आणि प्लेअर बिघडलाय तर दुसरा पाठवू का, असं विचारलंस. वा. आणि ते काय म्हणाले?

‘तुंगी खोटं बोलते आहे, बोलू दे तिला’?

असं म्हणाले?… नाही, मी बरी आहे. म्हणजे चार दिवस मी सेल संपलेत, वायर सैल आहे असलं सांगत होते, आणि ते मान हलवून सरि, सरि म्हणत होते. काल म्हणाले, राघवेंद्र येईपर्यंत हात लावू नको, शॉक बसेल.

थांब जरा… गप्प. गप्प हो, जमे.

वाजतंय.

हॉलमध्ये. तेच. सुरुवातीचं… लावली त्यांनी. मी आत फोनवर आहे बघून लावली.

नाही, ठेवू नको. दारापाशी जाते. मी हळू बोलेन, तू नुसती ऐक.

टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढलीय. रिमोट हातात आहे… सगळे नाचतायत बागेत. राजपुत्र आला. चॉकलेटी… पळवलं पुढे… परत पळवलं. नाच बघतच नाहीत गं. विदूषक सगळा पळवला.

तिच्यापाशी चाललेत. सरळ तिच्यापाशी.

आली.

थांबवलं चित्र.

एक डोळा झाकला हातानं. आता तो उघडला, दुसरा झाकला. जुन्या डोळ्यानं काय दिसणार त्यांना, सगळं तपकिरी… परत नव्यानं बघतायत. तोंड टीव्हीला लागेल इतके पुढे गेलेत.

मला कळतंय गं. तू रडतेस का?… मग नाक पूस आणि ऐक.

बोलावतायत. मला बोलावतायत… आले, अण्णा. जमीचा फोन आहे… हो, पुण्याहूनच.

काय करू? काय काढू?

रंग?

जमे, रंग काढ म्हणतायत. टीव्हीचा… अगं मला काय माहीत, थांब, फोन खांद्यात धरते. हे बटण… चित्र, चित्राच्या आत… आवाज नको, हां, रंग. पन्नास आहे. खाली… खाली… शून्य. झालं.

गेला. सगळं करडं. अगदी तसंच, जमे. तुला दिसायला हवं होतं. तोच करडा.

मागे घेतायत. पहिल्यापासून लावतायत पुन्हा… मी उभीच आहे. बस म्हणत नाहीत, जा म्हणत नाहीत. दुखलं असणार. म्हणून नको म्हणत होते मी… इरली, तुला नाही बोलत. राहू दे आता.

थांब. बोलतायत काहीतरी.

कोट. राजपुत्राचा कोट… नीळ, म्हणतायत. तीन बुड्या.

हो गं, आत्ताच चॉकलेटी बघितला या डोळ्यांनी. नीळच म्हणतायत… विदूषक. डाळिंबाची साल, म्हणे. पिवळा. अगदी त्याच आवाजात. माझ्याकडे बघून म्हणाले, त्या डिस्कवाल्यांना रंगातलं काही कळत नाही, मनाला येईल ते भरलंय.

नाही, हसत नाहीत. खरंच म्हणतायत की काय, मला कळत नाही.

आता ती येईल. बागेत सगळे बाजूला होतायत… थांबवलं नाही या वेळी. चालू आहे. आली. चालत येतेय पुढे… हात गुडघ्यावर.

जमे.

ऐकलंस का तू? फोनमध्ये आलं का?… नाही आलं. हळू म्हणाले.

‘हिरवा. आधी नीळ, वरून डाळिंबाची साल.’

एवढंच. मान वळवली नाही. पडद्याकडे बघत म्हणाले, कुणी शेजारी बसलेलं असावं तसं, आणि मग थांबले. अजून थांबलेत. बॅले पुढे चाललाय आणि ते नुसते वाट बघतायत.

नाही गं, माझ्याकडून काय उत्तर हवंय… मला नाही ठाऊक. सोफ्यावरच्या रिकाम्या जागेकडे त्यांची मान जातेय सारखी.

तू उद्या कर फोन. नाही, आज नको, आज मी उचलणार नाही… राघवेंद्रला मी सांगते. ठेवते आता. थोड्या वेळानं जादूगार येईल, ते लाल म्हणतील. शेजारी बसून नाही म्हणणारं कुणीतरी पाहिजे.