आजीचं मोदकपात्र

रोझ हिलला, विमानतळाजवळच्या प्लेन मान्येनला जाणाऱ्या बसच्या रांगेत उभ्या असलेल्या शांतीच्या पुढे एक आजी मोदकपात्र घेऊन उभी होती. सोबत लंडनला कंप्युटर शिकणारा नातू.

"प्रोग्राममध्ये क्लास म्हणजे एक साचा, आजी; एक क्लास दुसऱ्याचा वारसा घेतो. आईचं सगळं मुलीकडे आपोआप येतं."

"म्हणून तर हे तुझ्या आत्याला. उद्या परत फ्रान्सला चालली ती."

"आणि आतला क्लास दुसऱ्याच्या पोटात राहतो. त्याला वारसा नाही, पण झाकलेलंही सगळं दिसतं."

"म्हणजे तुझी आई."

"तशीच."

"आत्या मोदक करते तिकडे?"

"आयो, ती केक आणते विकतचा."

"आणि गणपतीला लोक माझे म्हणून खातात, ते तुझी आई करते."

"बस आली, आजी."

"घरी चल. आत्याला फोन करून सांग, बस चुकली."